दादाजींचा खोकला आणि हेलनचा आलेख

हे मी कुणाला सांगायचं नाही, असं आईने बजावलंय. "घरात ऐकलेलं घरात," हा तिचा नियम. पण आमचं जेवणाचं टेबल म्हणजे तिचं अर्धं ऑफिस, आणि मी गप्प बसणारी असल्यामुळे मी तिथे आहे हेच सगळे विसरतात. मग किस्से साठत जातात. शेवटी वहीत उतरवावेच लागतात. नावं बदलली आहेत.

आई लखनौमध्ये सर्दी-खोकल्याच्या साथींवर संशोधन करते. हे काम तिघांचं मिळून आहे: आईची टीम, पुण्याची एक लॅब आणि इंग्लंडमधली हेलन. इथल्या एका मोहल्ल्यात काही घरांमध्ये एकेक छोटी डबी ठेवली आहे. ती बोलणं साठवत नाही, फक्त खोकले मोजते. खोकले वाढले की त्याच मोहल्ल्यात राहणारी, आईच्या टीममधली नसरीन बाजी, म्हणजे नसरीनताई, त्या घरी जाऊन घशाचा स्वॅब घेते.

दसऱ्याच्या सुमारास हेलनचा मेल आला. लखनौचे आकडे जुळत नाहीत. ती स्वतः येऊन बघणार, आणि पटलं नाही तर लखनौ प्रोजेक्टमधून बाद. म्हणजे आई आणि मी परत पुण्याला. मला इथे दोन वर्षांत एकच मैत्रीण मिळालीये, झोया. तीसुद्धा आधी ती बोलली म्हणून!

*

त्या डब्या पुण्याहून रेल्वेने आल्या होत्या. आम्ही चारबाग स्टेशनवर घ्यायला गेलो. कुलीने खोकं डोक्यावर घेत विचारलं, "मैडम, इसमें है क्या?"

"खाँसी गिनने की मशीन." आई खरं तेच सांगते.

तो दोन पावलं चालला आणि थांबला. "हमारे यहाँ तो ये काम अम्मा करती हैं. और रोज़ सुना भी देती हैं!"

*

घशाचा स्वॅब घ्यायच्या आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नसतं. पण बाजी घरात शिरली की चहा येणारच, आणि पाहुण्याला एकट्याने प्यायला लावायचं नाही म्हणून घरातली सगळी आजारी मंडळीसुद्धा बरोबर पिणार! मग अर्धा तास थांबायचं. तेवढ्यात दुसरा चहा.

पुण्याच्या सरांनी मीटिंगमध्ये विचारलं, "एका घरी इतका वेळ? ट्रॅफिक असतो का?"

बाजी म्हणाली, "नहीं सर, मोहब्बत है."

शेवटी तिनेच तोड काढली. दारातच जाहीर करायची, "जब तक स्वॅब नहीं, मैं चाय नहीं पिऊँगी!" दारातून पाहुणी चहाशिवाय जाणार म्हटल्यावर सगळं घर आ करून रांगेत उभं!

*

मीटिंगांचीही एक गंमत आहे. हेलन काहीही सुचवते, लखनौची टीम म्हणते, "जी, बिल्कुल!" पुण्याचे सर म्हणतात, "अवघड आहे."

हेलन लिहून ठेवते: लखनौ तयार, पुणे नाही.

आठवड्याने बघावं तर पुण्याचं काम झालेलं, लखनौचं चर्चेत! आईने हेलनला समजावलं, "पुणेकर आधी नाही म्हणून घेतात, म्हणजे मन मोकळं होतं. मग करतात."

*

आता आकडे का जुळत नव्हते ते. एका घरात कुणीच आजारी नव्हतं, पण डबी दिवसाला चाळीस-चाळीस खोकले दाखवत होती. सगळ्यात जास्त सकाळी चहाच्या वेळी आणि संध्याकाळी जेवणाआधी. हेलनच्या आलेखात त्या घराचे दोन डोंगर उभे राहिले. दोनदा स्वॅब घेतले, काहीच नाही. डबी बदलली, तरी तेच. आई तीन आठवडे त्या डोंगरांकडे बघत बसली.

चौथ्या आठवड्यात बाजी पोट धरून हसत आली. "मैडम, वो तो दादाजी हैं!"

दादाजी रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. स्वयंपाकघराकडे जाताना ते दाराशी थांबून खोकतात, म्हणजे सून डोक्यावर दुपट्टा घेते. बाजीने त्यांना विचारलंच, "इतनी बार?"

"हम गार्ड रहे हैं, बिटिया. बिना सीटी दिए गाड़ी नहीं हिलती!"

आईने कपाळावर हात मारला. सांगलीला तिचे स्वतःचे आजोबा असेच खाकरून आत यायचे!

*

आपल्यामुळे आईची नोकरी धोक्यात आली हे कळल्यावर दादाजींनी खोकणं बंद केलं. आणि ट्रंकेतून खरीखुरी शिट्टी काढली!

पहिल्याच शिट्टीला सुनेच्या हातून दुधाचं पातेलं पडलं. "बाबूजी, खाँसी ही ठीक थी!"

मग आईने स्वयंपाकघराच्या दाराला एक वही टांगली. दादाजी खोकले की सुनेने एक रेघ मारायची. डबीच्या आकड्यातून रेघा वजा. हेलनला शिट्टीसकट सगळं कळवलं, तर तिचं उत्तर आलं, "माणूस उगाच का खोकेल? मी येतेय."

*

ती आली डिसेंबरात. तिला प्रश्न विचारता यावेत म्हणून आईने मलाही दादाजींच्या घरी नेलं, कारण माझं हिंदी आईपेक्षा बरं आहे. मी दिवसभरात जेमतेम चार वाक्यं बोलले. हेलन कोपऱ्यात वेताचं बुटकं स्टूल ओढून बसली आणि बघत राहिली. दादाजी आले, खोकले, दुपट्टा वर, रेघ. पुन्हा आले, खोकले, दुपट्टा वर, रेघ. हेलनचा चेहरा दगडासारखा.

दुपारी तिला पाणी हवं होतं. मी आणायला उठले, पण ती स्वतःच स्वयंपाकघराकडे निघाली. दाराशी पोचली, थांबली, एकदा आमच्याकडे वळून बघितलं आणि खोकली. "अहं!"

सुनेने मागे न बघता डोक्यावर दुपट्टा ओढला आणि वहीत एक रेघ मारली.

निघताना दादाजींनी मला बोलावलं. "पूछो तो, हमारी खाँसी पास हुई?" मी विचारलं. हेलन म्हणाली, मेल करेन.

त्याला आज बारा दिवस झाले. झोया रोज विचारते. आज दुपारीही विचारलं, आणि मी—

एक मिनिट. माझ्या दाराबाहेर आई खाकरतेय. हल्ली ती दार वाजवत नाही.

"अगं, आलाय मेल! झोयाला फोन लाव, म्हणावं दहावी इथूनच! आणि लवकर ये बाहेर, शेवटची ओळ दादाजींसाठी आहे, तूच हिंदीत वाचून दाखव त्यांना!"

आले, आले! वाचून परत आले. त्या ओळीत हेलनने दादाजींना विचारलंय की ती शिट्टी तिला उधार मिळेल का, इंग्लंडात तिच्या खोकल्याने कुणी जागचं हलत नाही!