प्लसची पट्टी झिजलीच नाही

बारावीला केमिस्ट्रीत उडाले मी. बाकी सगळे विषय निघाले, हा एकच राहिला. जुलैत परत पेपर. त्यात निघाला तरच नर्सिंगचा फॉर्म भरता येणार. नाही निघाला तर वसई पूर्वेला मम्मी ज्या प्लेटिंगच्या गाळ्यात खोट्या दागिन्यांवर पाणी चढवते, तिथेच मी. शेठने तिला सांगूनही टाकलं होतं, "पोरीला घेऊन ये, हात कमीच पडतात." मम्मी हो म्हणाली नव्हती, पण नाही पण म्हणाली नव्हती. मला तेच जास्त लागलं.

पेपरला नऊ दिवस आणि माझं इलेक्ट्रोलिसिस अजून चुकतंय! एकूण एक गणित. कॉपर सल्फेटचं द्रावण, प्लॅटिनमचे दोन इलेक्ट्रोड, प्लसला काय होईल? मी बिनधास्त लिहायचे, कॉपर विरघळेल. क्लासचे सर वही बघून म्हणाले, "मॅडम, प्लसला तांबं आलं कुठून? आकाशातून?" मागची पोरं खी खी. आयनिक इक्वेशनमध्ये तर मी दोन्ही बाजूंना जे सारखं ते कापत गेले, आणि शेवटी काहीच उरलं नाही. सर म्हणाले, "वा! नुसती शांतता."

पण माझं काय चुकलं सांगा ना! लहानपणापासून मम्मीकडून हेच ऐकलंय. माल तारेत ओवून मायनसला लटकवायचा, निकेलची पट्टी प्लसला, पट्टी झिजते आणि मालावर चढते. सुट्टीत डबा द्यायला जायचे तेव्हा ती पट्टी मी स्वतः बघितलीये, कडेने कुरतडलेल्या बिस्किटासारखी. मग पुस्तक म्हणतं प्लसला काही झिजणार नाही, तर डोकं मानतच नव्हतं.

त्याच संध्याकाळी चंदनसारच्या आमच्या खोलीत मी वही भिरकावली. मम्मी नुकतीच कामावरून येऊन पीठ मळत होती.

"काय झालं?"

"नाही जमत मला. सांग शेठला, येते म्हणून."

तिने पिठाचे हात पुसले. मग म्हणाली, "वाच, काय विचारलंय."

"तुला काय कळणारे त्यातलं?"

"वाच म्हणते ना."

वाचलं. प्लॅटिनम म्हणजे न झिजणारं, तेही सांगितलं. तर ही चक्क हसली. "म्हणजे जाळी!"

"कसली जाळी?"

"अगं, निकेलला पट्टी लावतात. सोन्याच्या पाण्याला जाळी. जाळी कुठे झिजते? तिच्यावर बुडबुडे येतात नुसते. पाण्यातलंच सोनं मालावर जातं. म्हणून तर पाणी उतरतं आणि शेठला रडत रडत नवीन ओतावं लागतं."

बुडबुडे म्हणजे ऑक्सिजन! पाणी उतरतं म्हणजे निळा रंग फिका! मी वही उचलली, मायनसला कॉपर, प्लसला ऑक्सिजन, धडाधड लिहिलं. कापाकापी झाल्यावर पहिल्यांदाच काहीतरी उरलं. पुस्तकात मागे दिलेलं उत्तर बघितलं. जुळलं!

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलंस कधी? माझ्या गाळ्याची तर तुला लाज वाटते."

लाज नव्हती, खरंच. भीती होती.  मी पुढचं गणित काढलं.

पुढचे आठ दिवस प्रत्येक गणिताला एकच प्रश्न, पट्टी की जाळी? आणि पेपरात आलं काय, तर कॉपर सल्फेट, इलेक्ट्रोड तांब्याचेच. माझ्या हाताने जाळीचं उत्तर अर्धं पान लिहूनसुद्धा टाकलेलं! परत वाचलं तेव्हा दिसलं, तांबं म्हणजे झिजणारं, म्हणजे पट्टी. सगळं खोडलं, पट्टीचं लिहिलं. त्या नादात शेवटचे दोन प्रश्न कोरेच राहिले. बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले.

आज दुपारी निकाल लागला. छत्तीस. पस्तीसला पास. मम्मीला गाळ्यात फोन केला.

"निघाला. छत्तीस."

तिने फोनच ठेवला. मला वाटलं चिडली, एवढेच कसे म्हणून. दहा मिनिटांनी परत तिचाच फोन, आवाज बसलेला.

"फॉर्मची शेवटची तारीख बघितलीस का?"

नव्हती बघितली. बघितली तर आजचीच.