निंबोल्याचा गप्प अलार्म आणि रेखाताईचं झाकलेलं स्ट्रक्चर

निंबोला गावातल्या चेंबरमधली केळी रेखाताईने नासवली नव्हती.
मी नासवली.

रेखाताई आज सकाळी गेली.

ऑफिसच्या जुन्या ग्रुपवर दुपारपर्यंत हात जोडल्याची रांग लागली. त्यात एकाने लिहिलं, "निंबोल्याचं सोडलं, तर कामात बाईचा हात धरणारं कोणी नव्हतं."

निंबोल्याचं सोडलं तर.

तेव्हापासून एका जागी बसवत नाहीये. दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली. पाच वाजता तिला घाटावर नेणार आहेत. त्याआधी हे लिहायचंय.

जे सोबत नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो.

शनवारा भागात एका साडीच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. केळी पिकवायच्या चेंबरसाठी आम्ही कंट्रोलचा डबा बनवायचो. डब्यात छोटा कॉम्प्युटर, त्यात लिनक्स. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, रेखाताईचा प्रोग्राम, तिचं मॉड्यूल, सेन्सर वाचून सगळे आकडे एका स्ट्रक्चरमध्ये, ओळीने मांडलेल्या खणांत, ठेवायचं. माझं मॉड्यूल अलार्मचं. तापमान चढलं की भोंगा.

दोघांची कामं एकमेकांना जोडायची होती. इंटिग्रेशनची वर्षं म्हणायचो आम्ही त्यांना. भांडणाचीही तीच.

ताईचा नियम साधा होता. स्ट्रक्चरच्या आत कोणता आकडा कुठे, हे फक्त तिच्या फाइलमध्ये. आम्हाला दिलेल्या हेडरमध्ये, म्हणजे सगळ्यांनी वापरायच्या सामायिक फाइलमध्ये, स्ट्रक्चरचं नुसतं नाव. तापमान हवं? तिचं फंक्शन बोलवा, ते आणून देईल.

मला हे सहन होईना. मी पुस्तकं वाचून तापलेला माणूस. गणपतीत व्याख्यानं, कामगारांच्या सभेत भाषणं. काहीही झाकलेलं दिसलं की मी पेटायचो.

"ताई, प्रोग्रामचा सोर्स आपण सगळा उघडा ठेवतो. मग एवढंच सोवळ्यात कशाला?"

"सोवळ्यात कुठे? फाइल उघड, वाच, पाठ कर. पण आतल्या जागांच्या भरवशावर आपलं काम उभं करू नको. उद्या मला सामान हलवायचं असेल."

"म्हणजे तुझी मर्जी."

"हो, नेताजी. माझ्या घरातलं कपाट कुठे ठेवायचं, ही माझीच मर्जी."

मग मी मीटिंगमध्ये उभा राहिलो. मक्तेदारी, कुलपं, किल्ल्या, सगळं आलं भाषणात. टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, "रेखा, आतली मांडणी टाकून दे हेडरमध्ये."

तिने टाकलं. जिन्यात मला म्हणाली, "बोलतोस छान. अडचण तीच आहे."

त्या दिवसापासून माझं मॉड्यूल तिला न विचारता थेट आत हात घालून तापमान उचलू लागलं.

काही महिन्यांनी तिला स्ट्रक्चरमध्ये एक आकडा वाढवावा लागला. चेंबर किती अंशांवर ठेवायचं आहे, तो. तो मध्ये बसला आणि त्याच्यामागचे सगळे एकेक घर पुढे सरकले. तिने सगळ्यांना कळवलं, नव्या हेडरवर आपापलं मॉड्यूल पुन्हा बनवा.

मी ते वाचलं होतं. त्या आठवड्यात मला देडतलाईला भाषण होतं.

निंबोल्याच्या डब्यात तिचं मॉड्यूल नवं गेलं. माझं जुनंच राहिलं.

माझा अलार्म जुन्याच जागी हात घालत होता. तिथे आता "किती आहे" नव्हतं. "किती हवं" होतं.

थंड करायचं मशीन बंद पडलं. आत भट्टी झाली. आणि माझा अलार्म, जे हवं तेच आहे असं समजून, गप्प.

चेंबर नानांचं, निंबोल्यातल्या केळीच्या व्यापाऱ्याचं. ताई आणि मी पोचलो, दार उघडलं तर केळ्यांची साल हिरवीच, आत लगदा. नाना ओरडले नाहीत. म्हणाले, "गावात मीच सगळ्यांना सांगत फिरलो, डब्यावर सोडा, टेन्शन नका घेऊ."

ताईने ओट्यावर लॅपटॉप उघडला. थोड्या वेळाने स्क्रीन माझ्याकडे फिरवली.

"क्या हुआ, बेटी? मला कळेल असं सांग," नाना म्हणाले.

"नाना, ह्याचं मशीन माझ्या मशीनला विचारत नव्हतं. दार उघडून स्वतःच आत बघत होतं."

नाना माझ्याकडे वळले. "भो, पिकत्या मालाचं दार आम्ही सारखं उघडत नाही. पिकवायचा गॅस निघून जातो. बाहेरचा काटा बघतो. एवढी पुस्तकं वाचली, हे कुठेच नव्हतं?"

ताई हसली. मी नाही.

परतताना बसमध्ये तिने विचारलं, "उद्या ऑफिसात तू सांगशील की मी सांगू?"

"मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी मी अर्धा तास बोललो. यंत्रणा, शिस्त, सामूहिक जबाबदारी. "आपण चुकलो" किती वेळा म्हणालो ते आठवत नाही. "मी" एकदाही नाही.

साहेबांनी कागदावर लिहिलं, नव्या अपडेटमुळे बिघाड. अपडेट कोणाचं होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

ताई माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. काट्याकडे बघतात तशी, आकडा हलतो का ते पाहत.

आठवड्याभरात तिने स्ट्रक्चर परत आपल्या फाइलमध्ये नेलं. कोणाला विचारलं नाही. आतल्या जागा दिसेनात म्हणून माझं मॉड्यूल बनेना, तेव्हा मी मुकाट्याने तिचं फंक्शन बोलावलं. निंबोल्याला पुन्हा तसं कधी झालं नाही.

पण नवं काम तिच्याकडे जायचं बंद झालं. मग ती सोडून गेली, शाळेत कॉम्प्युटर शिकवायला. बाजारात भेटायची. "काय नेताजी, सध्या भाषण कुठे?" बस. त्यापुढे कधी एक शब्द नाही.

मघाशी ग्रुपवर तीन ओळी टाकल्या.

अपडेट बरोबर होतं.
अलार्म चुकीचा होता.
अलार्म माझा होता.

नानांना फोनही केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "हे मला कशाला सांगतो भो? मी तिथेच उभा होतो."

ताई, तू विचारलं होतंस, तू सांगशील की मी.
सांगितलं. तू ऐकायला नाहीस तेव्हा.

घाटावर निघतो आता. आज तिथे कोणी बोलायला सांगितलं, तरी मी बोलणार नाही.

सुखाने जा, ताई.