ट्रंपेटला पाडलेलं भोक

आमचे हे पितळी वाद्यं दुरुस्त करतात आणि चिडतात. चाळीस वर्षं दोन्ही कामं अखंड चालू आहेत.

गेल्या वर्षी वाद्यवृंदाला अडगळीत दोनशे वर्षांचा ट्रंपेट सापडला. नळी चेपलेली, सांधे सुटलेले. ह्यांनी तो चार महिने मांडीवर घेतला. पोरीला लहानपणी इतका वेळ घेतलं नव्हतं, हे मी तोंडावर ऐकवलं. त्याला दाबायच्या कळा नव्हत्या. त्या काळी ट्रंपेटवाले मागे नगाऱ्यांशेजारी बसत आणि सगळे सूर नुसत्या ओठांनी काढत. त्यातला एक मुळातच बेसूर, तो ओढून जागेवर आणावा लागे. पुढे कळा आल्या आणि असले ट्रंपेट भंगारात गेले. हे सांगताना ह्यांचा आवाज असा चढतो, जणू भंगारवाली मीच.

तो कार्यक्रमात वाजवणार होती आमची लेक. वाद्यवृंदात ती हंगामी होती. हा कार्यक्रम साधला तर कायम होणार होती. आणि तो मेला सूर तिला तीनदा लागायचा, चौथ्यांदा निसटायचा. आठ दिवस उरले तेव्हा वाद्यवृंदाचे संचालक घरी आले. म्हणाले, नळीला एक भोक पाडा, सूर आपोआप जागेवर बसेल, हल्ली सगळे तेच करतात. हे असे भडकले की संचालक कठडा धरून जिना उतरले.

पोरगी दार लावून रडत बसली. मग माझं डोकं फिरलं. ज्यांनी तो वाजवला ते कधीच मेले, माझी पोर जिवंत आहे. मी ह्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

"तुम्हाला पोर हवी की पितळ, ते आज सांगा."

ह्यांनी ड्रिल उचललं आणि भोक पाडलं.

कार्यक्रम झकास झाला, पोरगी कायम झाली. घरी येऊन ती ह्यांच्या गळ्यात पडली.

"बाबा, किती सोपं झालं! उगाच इतके दिवस ओठ फोडून घेतले."

"सोपंच झालं," हे म्हणाले.

मला स्वतःचा असा संताप आला की ताट पुढ्यातून सारलं.

परवा एकाने जुनं बिगुल आणलं. मशीनवर घासून घासून कारागिराचं नाव पार पुसलेलं. मी वाट बघत होते, आता हे त्याला फाडून खातील. हे म्हणाले, ठेवा, गुरुवारी या. तेव्हा मीच त्या माणसावर ओरडले, अगदी घसा बसेपर्यंत. हे मान खाली घालून बिगुलाला चिठ्ठी बांधत होते.