चालवून न पाहिलेले बोकड

आज सकाळी केलेली चूक तुम्हाला सांगतो. मनातून जात नाहीये.

मी जनावरांचा डॉक्टर. रोह्याजवळच्या एका गावातून बोटीने परदेशी जाणारे बोकड तपासायचे होते. नियम असा की प्रत्येक बोकड जमिनीवर चालवून पाहायचा. लंगडा असेल तर पाठवायचा नाही, कारण बोट हलली की तो पडतो आणि बाकीच्यांच्या पायाखाली येतो.

मी पोचलो तेव्हा ट्रक भरूनच उभा होता. ऊनही चढलं होतं. मी फळ्यांच्या फटीतून नजर फिरवली, ‘चालवून पाहिले’ असं लिहिलं आणि सही ठोकली.

तेवढ्यात बोकड विकणाऱ्या सुगंधाआजी पुढे आल्या. "डॉक्टर, माजा काळा मागचा पाय धरतो. बघितलात काय?"

व्यापारी हसला. "आजी, विकलास ना? आता कशाला त्याची काळजी?"

"विकला म्हणून त्याचा पाय दुखायचा राहिला काय रे?"

काळ्याला खाली उतरवलं. तो खरंच लंगडत होता. त्याचा नंबर कागदावरून खोडला आणि ट्रक सोडला.

दुपारी जेवताना लक्षात आलं. बाकीच्या बोकडांसाठी बोलायला कुणी आजी नव्हत्या. व्यापाऱ्याला फोन लावला, "गाडी पेणला थांबवा. सगळे उतरवून चालवायचेत."

"पण डॉक्टर, तुमी तर चालवलेत. कागद माज्या हातात हाय."

"तो कागद खोटा आहे," मी म्हणालो.

आता पेणला निघालोय. न पाहताच ‘पाहिले’ असं तुम्ही कधी लिहिलंय का?