गोगलगायीचे कान

मी पोटासाठी गोगलगायी सांभाळते. जिवंत नव्हे, त्यांचे शंख. केंब्रिजमधल्या एका म्युझियमच्या तळघरात लाकडी खणांच्या रांगा आहेत, त्यांतल्या एका रांगेत हवाई बेटांवरच्या, झाडावर राहणाऱ्या गोगलगायी आहेत. अंगठ्याच्या नखाएवढ्या, कुणी हळदी, कुणी चॉकलेटी पट्ट्यांची. एका दरीत एक जात, तर डोंगर ओलांडला की दुसरीच. काही तर जन्मभर एकाच झाडावर राहायच्या. मग दुसऱ्या कुठल्याशा गोगलगायीचा बंदोबस्त करायला माणसांनी बाहेरून एक शिकारी गोगलगाय आणून सोडली, आणि तिने ह्यांनाच खाल्लं. बऱ्याचजणी आता फक्त खणांत उरल्या आहेत.

हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता माझं कुणी ऐकून घेत नाही. बाबा ऐकतात, पण त्यांना ऐकू कमी येतं.

बाबा नागपूरला वीज मंडळात होते आणि संध्याकाळी हवाईयन गिटार वाजवायचे. त्यांच्या पिढीत हे वेड बऱ्याच घरांत होतं. गिटार मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातातला स्टीलचा बार तारांवरून सरकवायचा, की भावगीत शब्दांशिवाय म्हटल्यासारखं वाजायचं. तारांची जुळणी बाबांची स्वतःची होती. मास्तरांनी शिकवलेली एक, पण आपल्या गाण्यांना सोयीची म्हणून त्यातल्या दोन तारा त्यांनी वेगळ्या लावल्या होत्या. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज काय, तारा कायम लावलेल्याच असत. पुढे ऐकू कमी येऊ लागलं तरी बिघडलं नाही. तारा उतरल्या तर सगळ्या मिळून थोड्या उतरायच्या, आणि हाताला जागा पाठ होत्या.

आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. पॅकिंग मी केलं. विमानात गिटारची मान मोडू नये म्हणून तारा सैल कराव्यात, असं कुठेतरी वाचलं होतं, आणि मी वाचलेलं पाळणारी बाई आहे. सहाही खुंट्या सढळ हाताने फिरवल्या. बाबा तेव्हा खाली शेजाऱ्यांचा निरोप घेत होते.

इथे आल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी केस उघडली. तारा लोंबत होत्या.

"तू सोडल्यास?"

मी हो म्हटलं, विमानाचं कारण सांगितलं. "बरं," म्हणाले आणि केस बंद केली. ओरडले असते तर मी भांडले असते. भांडण मला जमतं.

मी फोनवर ट्यूनरचं ॲप घेतलं, नेटवर मिळाल्या तेवढ्या जुळण्या लावून बघितल्या. बाबा बार ठेवून एकदाच सरकवायचे आणि मान हलवायचे, "ही नाही." कुठली, हे त्यांना सांगता येत नव्हतं. ऐकण्याचं मशीन कानात घातलं की बोलणं कळायचं, पण तार पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी वाजायची. मशीन काढलं की काहीच नाही. मलाही आठवेना. इतकी वर्षं त्या तारा ऐकत मी गृहपाठ केला, पण लक्ष देऊन एकदाही ऐकल्या नव्हत्या. ह्याची मला लाज वाटते.

हवाईयन संगीत वाजवणारा एक ग्रुप महिन्यातून एकदा जवळच्या गावातल्या हॉलमध्ये जमतो. मी बाबांना तिथे ओढून नेलं. स्टील गिटार वाजवणारे आजोबा, निवृत्त इंजिनियर, फारच सज्जन निघाले. त्यांनी तीन जुळण्या लावून दाखवल्या. तिन्ही नाहीत. मग चहा घेताना त्यांनी सांगितलं, की त्या बेटांवर तारा ढिल्या करून गिटार लावायची जुनी पद्धत आहे, आणि तिथल्या एकेका घराची जुळणी वेगळी. ती बाहेरच्याला कळू द्यायची नाही. वाजवून झालं की तारा उतरवून ठेवायच्या, म्हणजे मागून कुणी गिटार उचलली तरी काही हाती लागू नये.

मी बाबांना हे मोठ्याने मराठीत सांगितलं. बाबा बिस्किट चहात बुडवत म्हणाले, "मग तू बरोबरच केलंस."

ते टोमणा मारत नव्हते, म्हणून जास्त लागलं.

त्यानंतर ते नागपूरची गोष्ट काढू लागले. तिकडे घर बंद, कुणी नाही, स्वतःपुरता कुकरही लावता येत नाही, आणि हे म्हणतात, "जाऊन येतो." परत येण्याची तारीख मात्र बोलायचे नाहीत. दुपारभर खिडकीशी बसायचे. मी ऑफिसातून आले की काहीतरी विचारायचं म्हणून गोगलगायींबद्दल विचारायचे.

अशाच एका संध्याकाळी मी सांगितलं, की हवाईतले लोक मानायचे, ह्या गोगलगायी तिन्हीसांजेला झाडावर गातात. शास्त्रज्ञ म्हणतात, ते रातकिडे असणार.

"गातात तर ऐकतं कोण?"

"कुणीच नाही, बाबा. गोगलगायीला कान नसतात."

"मग कुणी आलं-गेलं कळतं कसं?"

"अंगाने. फांदी थरथरली की त्यांना कळतं."

मी पोळ्या लाटायला गेले.

तवा तापतोय तोवर बाहेरच्या खोलीतून एक तार वाजली. मग तीच पुन्हा, जरा वर. मी पिठाच्या हातांनी तशीच गेले. बाबांची दोन्ही मशीन्स टीपॉयवर होती. गिटार मांडीवर नेहमीसारखी आडवी नव्हती; त्यांनी ती छातीशी उभी धरली होती आणि जबडा तिच्या लाकडाला घट्ट टेकवला होता. डोळे मिटलेले. एक हात वर खुंटीवर. कानाची नस चांगली आहे, आवाज तिथवर पोचायच्या वाटेतच अडचण आहे, असं कान तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्टने कधीच सांगितलं होतं. हाडातून सूर आत जाईल हे मात्र आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

पहिल्या तारेला बराच वेळ लागला. सहावी लागली तेव्हा तवा धुरकटला होता. मग गिटार आडवी झाली, बार सरकला, आणि आमचं नागपूरचं घर, त्यातल्या आईसकट, समोर आलं. मी उभ्या उभ्या रडले. बाबांना ऐकू गेलं नाही, ते बरंच झालं.

गाणं संपल्यावर मी फोन शोधू लागले. सहा सूर रेकॉर्ड करायचे, तारीख टाकायची, नाव द्यायचं; खणात ठेवण्याची सवय. फोन घेऊन वळते तर बाबा एकेक खुंटी उलटी फिरवत होते. सहाही तारा सैल झाल्या.

"बाबा, अहो, काय करताय!"

त्यांनी मला शेजारी बसवलं आणि गिटार माझ्या मांडीवर ठेवली. फोन माझ्या हातातून घेतला, टीपॉयवर मशीन्सशेजारी ठेवला, आणि आपला तळवा लाकडावर सपाट टेकवला.

"आता तू लाव."

मी पहिली खुंटी पिळली, तार छेडली.

"अजून," बाबा म्हणाले.

मी पिळली.

"अजून."