दोघांनी ओळखल्याशिवाय प्रिंट नाही

गिऱ्हाइकानं गेलेल्या माणसाचा फोटो पुढे केला, की अक्का तो न बघताच टेबलावर पालथा घालायच्या. मोबाइलमध्ये असेल तर मोबाइल पालथा. "फोटू मागनं बघू. आदी तोंड सांगा." माणूस गांगरायचा. आपल्याच बापाचं तोंड शब्दांत सांगायची वेळ कुणावर कधी येते? एक जण घाम पुसत म्हणाला, "नाक... म्हंजे नाकासारखंच नाक हुतं." अक्का म्हणाल्या, "घरी जावा, बायकूला इचारा, उद्या या." तो खरंच दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला, आणि तिनं सासऱ्याचं नाक इतकं बारकाईनं सांगितलं, की नवरा तिच्याकडे बघतच राहिला.

सांगलीजवळ माधवनगरला गिरणीमागच्या गल्लीत अक्कांचा स्टुडिओ होता. नवरा फोटो काढायचा आणि अक्का निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून लोकांच्या सुरकुत्या आणि देवीचे वण पुसट करायच्या. नवरा गेल्यावर आता स्टुडिओला कुलूप लागणार, असं गल्लीनं ठरवून टाकलं होतं. अक्कांनी वयाच्या पासष्टीला कॉम्प्युटर घेतला. मी पुण्यात लग्नाचे अल्बम करायचे. वडिलांच्या आजारपणामुळे सांगलीला परतले आणि अक्कांकडे कामाला लागले. आपण म्हातारीला शिकवायला आलोय, असा माझा समज होता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो उतरवला. आता अक्कांना जाऊन वर्ष होत आलं, पण माझं डोकं अजून त्यांच्याशी भांडत असतं आणि अजून हरतं.

महापुरानंतर लोक चिखलात भिजलेले अल्बम घेऊन यायचे. पुढे हललेले, अंधूक, मोबाइलवर काढलेले फोटो यायला लागले. लग्नातल्या घोळक्यात कोपऱ्यात उभी राहिलेली आजी, आणि तेवढा एकच फोटो. मग ते एआयचं सॉफ्टवेअर आलं. बटण दाबलं की धुरकट चेहऱ्याला पापण्या फुटायच्या, ओठ रेखीव व्हायचे. अक्कांना ते फार आवडलं. त्यांनी त्याचं नावच ठेवलं, जावई. "काम झकास करतोय, पर आपल्या मनाचं करतोय. त्याला पाट द्यायचा, ताट द्यायचं, घराची किल्ली द्यायची न्हाई."

किल्ली मी दिली होती, सुरुवातीलाच. एका म्हातारीच्या फोटोत कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होतं. जावयानं ते डाग समजून साफ पुसलं आणि रंगही दोन छटा उजळ केला. मला फोटो सुरेख वाटला, मी प्रिंट काढून दिली. दहाव्याच्या दिवशी तिच्या थोरल्या सुनेनं हार हातात घेतला आणि भर माणसांत विचारलं, "ह्या कोण?" तेव्हापासून अक्कांनी नियम केला. घरातल्या दोन माणसांनी चेहरा ओळखल्याशिवाय प्रिंट नाही. "एकट्याला काय, त्याला हवं तेच दिसतंय," म्हणायच्या. गिऱ्हाइकं वैतागायची. आमच्यासमोरच्या दुकानात दहा मिनिटांत फोटो मिळायचा. "मिळू दे की. तिकडं फोटू मिळतोय, माणूस न्हाई मिळत," असं म्हणून अक्का चहा टाकायच्या.

एका सकाळी जत तालुक्यातून बिराप्पा आले. मेंढपाळाच्या घरातले, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले, पाठ अजून ताठ. गावाकडे त्यांनी नवं घर बांधलं होतं. वास्तुशांतीला आईचा फोटो हॉलमध्ये लावायचा होता. आईला ते अव्वा म्हणत. अक्कांनी मोबाइल पालथा घातला. हवालदारांनी उभा चेहरा, बसकं नाक, रुंद कपाळ असं शिस्तीत सांगितलं.

"आन् डोळं?"

"डोळं काय, चांगलं हुतं की."

फोटो कुणाच्या तरी लग्नातला होता. बायकांची रांग, त्यात अव्वाचं तोंड हललेलं, उजवा डोळा म्हणजे नुसता पांढुरका ढग. मी जावयाला कामाला लावलं. मिनिटाभरात त्यानं दोन टपोरे, पाणीदार डोळे काढून दिले. हवालदार स्क्रीनकडे बघत राहिले आणि रुमाल काढून त्यांनी हळूच नाक पुसलं. "झालं. हीच. काढा प्रिंट."

"दुसरं माणूस आणा," अक्का म्हणाल्या.

दुसरं माणूस म्हणजे त्यांची बहीण तायव्वा. तिला मिरजेच्या बाजूला दिलं होतं. दुपारी ती आली. अक्कांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिनं बघितलं, मग भावाकडे बघितलं. "दादा, अव्वाला एकच डोळा हुता की रं."

मग सगळं बाहेर आलं. अव्वा तरणी असताना मेंढ्याचं शिंग लागून तिचा उजवा डोळा गेला होता. हवालदारांचा आवाज चढला. "आवं अक्का, जलमभर लोकं तिला काणी म्हणली. साळंत पोरं मला काणीचा म्हणून चिडवायची. आता घर बांधलंय, भित्तीवर तरी तिला दोन डोळं असूद्यात की! कुणाचं काय जातंय?"

खरं सांगते, मला त्यांचं पटलं. मी म्हणालेसुद्धा, "अक्का, त्यांची आई आहे. त्यांना हवी तशी देऊ या की. तुम्हीही आयुष्यभर लोकांचे वण पुसलेतच ना?"

अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी खुर्चीसकट मागे सरकले. "पुसलं. पर ती माणसं समूर बसून सांगत हुती, बाई, येवढं काढा, येवढं राहू द्या. हिला कोण इचारणार?" मग त्यांनी मूळ फोटो मोठा केला आणि हवालदारांना बोटानं दाखवलं. "ह्या सगळ्या बायांचा पदर बघा, कपाळावर आलाय. हिनंच तेवढा मागं सारलाय. झाकायचा असता तर एक चिमूट पदर पुरला असता."

तायव्वा म्हणाली, "फोटूवाला तिला म्हणत हुता, आजी, त्या अंगाला वळा, डोळा दिसतोय. अव्वा गर्रकन त्याच्याकडं फिरली. म्हणली, हाय ही अशी हाय, काढायचा तर काढ. म्हणून तर फोटू हललाय."

"आयकलं?" अक्का म्हणाल्या. "लाज तिला न्हवती, हवालदार. तुमाला हाय."

हवालदार ताडकन उठले. "मग न्हाई पायजे तुमचा फोटू. मोबाइलवर हुतंय सगळं."

"करून घ्या. माझ्या दुकानातनं ही बाई भाईर जाणार न्हाई," असं म्हणून अक्कांनी त्यांच्या डोळ्यांदेखत तो दोन डोळ्यांचा चेहरा पुसून टाकला. हवालदार चपला न शोधताच उंबऱ्याबाहेर गेले, मग चपलांसाठी परत आले आणि पुन्हा गेले. तायव्वा डोळे पुसत म्हणाली, "तसला फोटू लावला तर मी त्या घरात पाय ठेवणार न्हाई. आमी दोगंच उरलोय, अक्का."

पुढचे तीन दिवस आम्ही त्या एका चेहऱ्यावर बसलो. जावई हट्टी. गाल म्हणावं तर गाल नीट करायचा, आणि आम्ही बेसावध दिसलो की डोळ्यात बुबुळ बसवायचा. अक्का स्क्रीनवर बोट आपटायच्या, "हात लावू नको म्हणलं न्हवं!" शेवटी तो डोळा आम्ही वेगळा झाकून ठेवला आणि बाकीचा चेहरा बोटभर बोटभर घेत साफ केला. नाक आलं, ओठांची घट्ट मिटलेली रेघ आली, उजव्या भुवईतला शिंगाचा वण आला. डोळा होता तसा पांढुरका राहिला. तायव्वानं स्क्रीन बघितली, "अव्वा गं" म्हणाली आणि खालीच बसली.

तरी अक्कांनी प्रिंट दिली नाही. "दुसऱ्यानं वळखूदे."

"आवं, तो आता कुठला येतोय!" तायव्वा काकुळतीला आली. मीही चिडले. एवढं रामायण करून आता स्वतःच्याच नियमासाठी अडून बसायचं? त्या बाईचा भाऊ आणि आई एकदम जाणार होते. अक्का म्हणाल्या, "पोरगा हाय तो तिचा. त्याला वगळून आई द्यायची व्हय?" रात्री त्यांना झोप लागली नसणार, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा दोनदा नासवला.

तायव्वानं काय निरोप धाडला कोण जाणे, पण पाचव्या दिवशी हवालदार आले. थेट स्क्रीनसमोर उभे राहिले. अक्कांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. हवालदार हळू आवाजात म्हणाले, "चिडली की अशीच बघायची." आणि मग, "भरतीला गेलो तवा यष्टीजवळ अशीच हुबी हुती."

अक्का माझ्याकडे वळल्या. "काढ गं प्रिंट. मोठी काढ."

वास्तुशांतीला आम्हा दोघींना बोलावणं होतं. जतच्या त्या माळावर गुलाबी रंगाचं नवं घर, दारात टँकरच्या पाण्यानं भरलेली पिंपं, पंक्तीला खपली गव्हाची गोड खीर, हुग्गी. तायव्वा सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होती. हॉलमध्ये समोरच्याच भिंतीवर अव्वा होती. हवालदारांचे एक चुलते काठी टेकत तिच्यासमोर थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आरं बिरू, येवढा खर्च केलास, तर डोळा तरी नीट करून घ्यायचा हुतास!"

तायव्वाच्या हातात पळी तशीच राहिली. हवालदार हार घालायला स्टुलावर चढले होते, ते तिथूनच वळले.

"नीटच हाय त्यो, काका. अव्वाचाच हाय."