विल्यमवरचा खटला

चार जुने वर्गमित्र भेटले की पहिला अर्धा तास दुखण्यांचा, आणि मग किस्से. ते कधी सरत नाहीत, उलट दरवेळी दोन जास्तच निघतात! बालाघाटच्या आमच्या शाळेचे तर पोतंभर आहेत. पण माझ्या जिवाला लागलेले सगळे एकाच खटल्यातले. साठ-बासष्टचा सुमार असेल.

इंग्रजीच्या पुस्तकात एक धडा होता. विल्यम नावाचा नावाडी शर्यतीच्या आदल्या दिवशी जिवलग मित्राच्या नावेचा दोर कापतो. नाव वाहून जाते. का? तर दरवर्षी मित्रच जिंकतो म्हणून! आमचे घाटे सर म्हणाले, "या विल्यमवर वर्गात खटला भरू. सगळं इंग्रजीत. जो सगळ्यात चांगला बोलेल, त्याला जबलपूरच्या वक्तृत्व स्पर्धेला पाठवीन."

मी मनातल्या मनात जबलपूरच्या गाडीत जाऊन बसलोसुद्धा.

*

सरकारी वकील कोण होणार? धडा मला तोंडपाठ होता. पण सुधाकरचा मामा कोर्टात वकील, म्हणून त्याच्याकडे काळा कोट. कोट त्याचा, तर वकिलीही त्याचीच! मला काय मिळालं? पुकारा करणारा चपराशी!

"तुझा आवाज खणखणीत आहे," सरांनी समजूत काढली.

सुधाकर माझा जिवलग मित्र. एका डब्यात जेवायचो आम्ही. पण काळा कोट घालून तो वर्गात आला, तेव्हा खरं सांगतो, मी जळून खाक झालो. त्यात मेल्याला तो शोभतही होता!

*

मग मी खऱ्या कोर्टाच्या व्हरांड्यात दोन दुपारी उभा राहून पुकारा शिकून आलो. खटल्याच्या दिवशी सुधाकरचं भाषण ऐन रंगात आलं, सर मान डोलवायला लागले, आणि मी ठोकली आरोळी, "दुसरा गवाह हाज़िर होss!"

सुधाकरचं वाक्य अर्ध्यातच तुटलं. सर खवळले, "अरे, अजून पहिल्या साक्षीदाराचंच चाललंय!"

"सर, कोर्टात असंच होते," मी म्हणालो. "मी सोता पाहून आलो!"

*

शपथ कशावर घ्यायची हाही प्रश्नच होता. सरांनी शेवटी इंग्रजीची जाडजूड डिक्शनरी टेबलावर ठेवली. साक्षीदार लांजीचा दौलत. तो हात मागे घेऊन उभा.

"सर, आईची शपथ घे म्हना, आत्ता घेतो. पन डिक्शनरीची खोटी शपथ घेतली, तं इंग्रजीत पास कसा होईन?"

तो त्या वर्षी नापास झाला. शपथ न घेताच!

*

विल्यम झाला होता राजेगावचा तुकाराम. दुसऱ्या दिवशी सुनावणी सुरू होणार, इतक्यात दारात त्याचे वडील. सोबत दोन धोतरवाले आणि कापडात बांधलेला जमिनीचा कागद. कोणीतरी गावात सांगितलं होतं, तुमच्या पोरावर इंग्रजी कोर्टात केस लागली!

"गुरुजी, पोरगं गरीब हाय. कोनाच्या नावेले त्यानं हात नाही लावला. जमानतीले दोन मानसं आनली."

सर म्हणाले, "बाबा, केस खोटी आहे."

"खोटी हाय? तं मंग माह्या पोराले उभं काहून केलं?"

आरोपी वडिलांसोबत दुपारच्या बसनं राजेगावला गेला.

*

आरोपीच्या रिकाम्या पिंजऱ्यात सरांनी मला उभं केलं. धडा पाठ ना, म्हणून!

सुधाकरनं कोटाची बटणं लावली आणि इंग्रजीत विचारलं, "तू दोर का कापलास?"

पुस्तकातलं उत्तर ओठांवर होतं. पण तो कोट पाहिला आणि तोंडातून भलतंच निघालं.

"काहून कापला? अरे, जिथंतिथं याचंच नाव! याच्यासंग जेवतो, याच्यासंग हिंडतो, अन् हा जिंकला का माह्या पोटात आग पडते. दुसरा कोनी जिंकला तं नाही पडत. हा माहा दोस्त हाय म्हनूनच पडते!"

सुधाकर खाली बघत होता. सर हळूच म्हणाले, "आता हेच इंग्रजीत सांग."

सांगितलं. मोडकंतोडकं, पण पाठ केलेलं नव्हतं. सरांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला, "विल्यम दोषी आहे. विल्यमच जबलपूरला जाईल!"

*

जायच्या दिवशी सरांनी मला स्वतःचा टाय दिला. तो बांधता येणारा आमच्या अख्ख्या मोहल्ल्यात कोणी नव्हता. शेवटी गाडीच्या वेळेला स्टेशनवर सुधाकर आला. मामाचं बघून त्याला येत होतं. त्यानं माझी कॉलर वर केली, नीट गाठ मारली आणि वर सरकवली.

"घट्ट झाला ना बे," मी म्हणालो.

"हौ," सुधाकर म्हणाला, आणि गाठ सैल न करता दोन्ही हात खिशात घालून गाडी सुटेपर्यंत तसाच उभा राहिला!